ठेवा, वगळा, विलीन करा

इंग्रजी विकिपीडियावर नव्या लेखांचे मसुदे तपासणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये मी गेली काही वर्षं आहे. काम बिनपगारी आणि बोलणी दोन्ही बाजूंनी. मसुदा परत पाठवला की लिहिणारा रागावतो. स्वीकारला की दुसरा कुणी जाणता सदस्य येऊन विचारतो, ‘हे विश्वकोशात कशाला?’ ओळखीच्या लोकांचा प्रश्न वेगळाच असतो: कोण मोठं आणि कोण नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? आम्ही ते ठरवतच नाही, असं मी सांगते. या उत्तराने कुणाचं समाधान झालेलं मात्र अजून पाहिलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एखाद्या विषयाशी हितसंबंध नसलेल्या, विश्वास ठेवण्याजोग्या स्रोतांनी त्या विषयावर भरीव लिहिलेलं असेल, तर त्यावर स्वतंत्र लेख होऊ शकतो. मूळ नियम एवढाच. थोर, यशस्वी, लोकप्रिय यांतलं काहीच त्यात नाही. भरीव म्हणजे किती, हे समजावण्यासाठी मार्गदर्शक पानावर वर्षानुवर्षं एक उदाहरण ठेवलेलं आहे आणि ते मला फार आवडतं. आयबीएम कंपनीच्या इतिहासावर ३६० पानांचं पुस्तक आहे. ते अर्थातच भरीव. बिल क्लिंटन शाळेत असताना ‘थ्री ब्लाइंड माइस’ नावाच्या जॅझ बँडमध्ये होते, असं एक वाक्य १९९२ साली ‘गार्डियन’मध्ये छापून आलं, बँडच्या दृष्टीने ते भरीव नाही. वर्तमानपत्र नामांकित, वाक्य खरं, आणि वाजवणारा पोरगा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. तरी बँडवर लेख होत नाही. त्या एका वाक्यातून बँडबद्दल लिहिणार काय?

नियम असा आडवळणाचा का झाला, याचं मूळ विकिपीडियाच्या जन्मात आहे. २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी नुपीडिया नावाचा ऑनलाइन विश्वकोश काढला होता. तिथे तज्ज्ञ लिहायचे आणि प्रत्येक लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जायचा. काम इतकं रेंगाळलं की कुणालाही लिहिता येईल असा विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी जोडीला सुरू केला गेला. पुढे जोडीदारच वाढला आणि नुपीडिया २००३ मध्ये बंद पडला. आता कुणीही लिहू शकतो म्हटल्यावर कुणाची पदवी तपासणार? टोपणनावामागे प्राध्यापक आहे की शाळकरी मुलगा, मला दिसत नाही. त्यालाही मी दिसत नाही. अशा ठिकाणी ‘माझ्या मते ही बाई महत्त्वाची आहे’ या वाक्याला काडीची किंमत नाही, आणि ‘माझ्या मते नाही’ यालाही नाही. मग ज्यांचं कामच निवड करण्याचं आहे, ते संपादक, समीक्षक, चरित्रकार, इतिहासकार आधी काय करून गेलेत ते बघायचं.

दुसरंही एक कारण आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. २००५ साली जॉन सायगेनथॅलर या अमेरिकन पत्रकाराच्या लेखात कुणीतरी खोडसाळपणे लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता. ते धादांत खोटं वाक्य चार महिने तसंच राहिलं. त्याचा परिणाम म्हणून त्या डिसेंबरपासून खातं न उघडता नवा लेख सुरू करण्याची सोय इंग्रजी विकिपीडियाने काढून घेतली. सायगेनथॅलर नामवंत होते, तरीही त्यांच्या पानाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग ज्याच्याबद्दल जगात एकच बातमी आलीय, तीही वाईट, अशा माणसाच्या पानावर पहारा कोण देणार? एकाच घटनेमुळे ओळखल्या गेलेल्या हयात व्यक्तीवर शक्यतो स्वतंत्र लेख करू नये, घटनेवर करावा, असं धोरण आहे ते यासाठी. लेख नाकारणं म्हणजे अपमान, असं मानणाऱ्यांना मी हे धोरण दाखवते.

रांगेतले बरेचसे मसुदे वाचता वाचता सुटतात. स्वतःचा बायोडेटा, मित्राची टिंगल, अजून न आलेल्या अल्बमची घोषणा. मसुद्याच्या वाटेने न येता थेट लेख म्हणून चढवलेल्या अशा पानांसाठी शीघ्र वगळण्याचे निकष आहेत. माणूस, संस्था किंवा संकेतस्थळ महत्त्वाचं असल्याचा पटण्याजोगा दावाच पानावर नसेल, तर प्रचालक, म्हणजे पानं काढण्याचे अधिकार असलेला सदस्य, चर्चेविना ते काढू शकतो. तिथे पुरावा मागत नाहीत, निदान दावा तरी करा म्हणतात. या घाईचा प्रसाद खुद्द वेल्स यांनाही मिळालाय. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांनी केपटाउनजवळच्या गुगुलेतूमधल्या ‘म्झोलीज’ या खाद्यगृहावर अगदी त्रोटक लेख सुरू केला आणि एका प्रचालकाने तो लगोलग उडवला. लेख परत आला, वगळण्याच्या चर्चेला गेला, लोकांनी स्रोत शोधून आणले आणि तो टिकला. संस्थापकाचा लेख म्हणून तो टिकला असं अजूनही काही जण म्हणतात. मला वाटतं, संस्थापकाचा होता म्हणून स्रोत शोधायला माणसं धावली. फरक आहे.

कंपन्यांचे मसुदे मात्र पटकन सुटत नाहीत, कारण ते पटकन सुटू नयेत यासाठीच पैसे देऊन लिहून घेतलेले असतात. खाली संदर्भांची रांग लागलेली असते, प्रत्येक वाक्याला चार-चार. एकेक उघडून बघावा लागतो. हा गुंतवणूक मिळाल्याचा, हा नवं कार्यालय उघडल्याचा, हा तोच मजकूर दुसऱ्या मथळ्याखाली, हा संस्थापकाच्या मुलाखतीचा, हा पैसे भरून मिळणाऱ्या पुरस्काराचा. सगळ्यांचा उगम कंपनीच्या एकाच प्रसिद्धिपत्रकात. २०१८ मध्ये संस्थांबाबतचा निकष बराच कडक झाला. आता एकेक स्रोत सुटा घेऊन तपासतात: त्यात कंपनीबद्दल भरीव मजकूर आहे का, तो लिहिणाऱ्याचा स्वतःचा आहे का की कंपनीने पुरवलेला. किरकोळ दहा स्रोतांची बेरीज करून एक भरीव स्रोत होत नाही. मी तर सरळ विचारते, तुमच्या यादीतले सर्वांत चांगले तीन स्रोत कोणते ते सांगा. तीनच. हा प्रश्न माझा नाही, तिथे तो रुळलेलाच आहे, पण याच्याइतकं उपयोगी हत्यार मला दुसरं सापडलेलं नाही. ज्याच्याकडे खरोखर काही आहे तो तीन दुवे पाठवतो. नसेल तो आणखी वीस पाठवतो.

यामागे बाजार कसा उभा राहतो हे २०१५ मध्ये उघड झालं. ‘ऑरेंजमूडी’ या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. काही मंडळी नाकारलेले मसुदे हेरायची, त्या व्यावसायिकाला किंवा कलाकाराला गाठायची, आपलं तिथे वजन आहे असं भासवून लेख चढवून देण्याचे पैसे घ्यायची, आणि नंतर लेखाच्या ‘संरक्षणा’साठी दरमहा आणखी पैसे मागायची. ३८१ खाती बंद करावी लागली, २१० लेख काढावे लागले. म्हणजे आम्ही ‘नाही’ म्हटलं की कुणाचा तरी धंदा सुरू होत होता. लेख मंजूर करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका, ही सूचना आता मसुदा परत पाठवताना सोबत जाते. पैसे घेऊन लिहायला बंदी नाही. कोणाकडून घेतले ते जाहीर करण्याची अट २०१४ पासून वापराच्या अटींमध्येच आहे. जाहीर करणारे थोडे.

आता ज्या मसुद्याने माझा सर्वांत जास्त वेळ घेतला त्याबद्दल.

विषय होता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काम केलेल्या एक वनस्पतिशास्त्रज्ञ. त्या आता हयात नाहीत. नाव देत नाही, कारण मसुदा लिहिणारी मुलगी त्यांच्या नात्यातली होती. तिने हे मसुद्याला जोडलेल्या चर्चापानावर स्वतःच लिहून ठेवलं होतं, त्यामुळे माझं तिच्याबद्दल मत चांगलं झालं. नात्यातल्याने लिहू नये असा कडक नियम नाही. सांगून लिहावं आणि मसुद्याच्या वाटेने यावं, एवढंच. भाषा मात्र शोकसभेतली होती. ‘विज्ञानासाठी अवघं आयुष्य वाहिलेल्या’ वगैरे. ते पुसणं सोपं. खरा प्रश्न खाली होता. संदर्भ म्हणून बाईंच्या स्वतःच्या शोधनिबंधांची यादी, एका शास्त्रीय संस्थेच्या वार्तापत्रातला मृत्युलेख, आणि एका वनस्पतीच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव गुंफलं गेल्याचा उल्लेख.

एकेक घेऊ. स्वतःचे निबंध म्हणजे बाईंनी जगाबद्दल लिहिलेलं. जगाने बाईंबद्दल लिहिलेलं नव्हे. वनस्पतीला नाव दिलं हा मान खराच, पण मूळ वर्णनात त्याबद्दल एक ओळ असते, अर्पणपत्रिकेसारखी. मृत्युलेख चांगला दीड पानाचा, पण ज्या संस्थेचा तो होता तिच्या कार्यकारिणीत बाई स्वतः होत्या, आणि त्यातला अर्धा भाग त्यांच्या नवऱ्याबद्दल. नवराही वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्यावर लेख आधीपासून होता. प्राध्यापक-संशोधकांसाठी वेगळा निकष आहे: मानाचं अध्यासन, मोठ्या शास्त्रीय संस्थेचं अध्यक्षपद, विद्याशाखेवर दिसणारा ठसा, यांपैकी एक असलं तरी पुरे. बाईंना पदच नव्हतं. त्या नवऱ्याच्या वनस्पतिसंग्रहालयात बिनपगारी काम करत.

मसुदा स्वीकारण्यासाठी तो परिपूर्ण असावा लागत नाही. वगळण्याच्या चर्चेत टिकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटली, तर स्वीकारायचा, असा संकेत आहे. ते ‘वाटणं’ आधी कमवावं लागतं. विकिपीडियाचं एक ग्रंथालय आहे. पाचशे संपादनं आणि सहा महिन्यांचं खातं असलेल्या सक्रिय सदस्याला त्यातून जेस्टोरसारखे पैसे मोजून मिळणारे साठे फुकट वाचता येतात. तिथे मी त्यांच्या माहेरच्या नावाने शोधलं, सासरच्या नावाने शोधलं, नुसत्या आद्याक्षरांनी शोधलं. बायकांबाबत हे तिन्ही करावंच लागतं, नाहीतर अर्धं काम दिसतच नाही. माहेरच्या नावाखाली काही नव्हतं. आद्याक्षरांखाली त्यांच्या पुस्तकरूपाने छापलेल्या एका प्रबंधाचं परीक्षण सापडलं, दुसऱ्या देशातल्या अभ्यासकाने लिहिलेलं, चांगलं सविस्तर. शिवाय त्या संग्रहालयाच्या इतिहासावर एक जर्मन पुस्तक असल्याचं कळलं, ज्याच्या सूचीत बाईंच्या नावापुढे सलग काही पानं होती. पानं वाचायला मिळाली नाहीत, पण सलग पानं म्हणजे ओझरता उल्लेख नव्हे. स्रोत आंतरजालावर असलाच पाहिजे असं नाही, इंग्रजीत असलाच पाहिजे असंही नाही. मराठीतलं छापील पुस्तकही तितकंच चालतं. ही गोष्ट इतक्या लोकांना ठाऊक नसते की पाटी लावावी. मी मसुदा स्वीकारला.

लवकरच तो वगळण्याच्या चर्चेला आला. मांडणारा सदस्य जुना आणि नेटका. नामनिर्देशनाआधी, म्हणजे लेख वगळण्यासाठी मांडण्याआधी, स्वतः शोध घेणं अपेक्षित असतं. त्याने घेतला होता. त्याचं म्हणणं: मृत्युलेख स्वतंत्र नाही, परीक्षण पुस्तकाचं आहे, बाईंचं नाही, जर्मन पुस्तक कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा नवऱ्याच्या लेखाकडे पुनर्निर्देशन करा, म्हणजे बाईंचं नाव शोधणाऱ्याला थेट तिकडे वळवा. चोख युक्तिवाद होता. त्याच्या जागी मी असते तर कदाचित हेच लिहिलं असतं.

अशी चर्चा सात दिवस चालते. पहिल्या दोन दिवसांत तिथे नव्या खात्यांची झुंबड उडाली. ‘ठेवा! त्या थोर होत्या.’ ‘ठेवा, मी त्यांची विद्यार्थिनी.’ ‘हा स्त्रियांवर अन्याय आहे.’ नात्यातल्या मुलीने कुटुंबात निरोप पाठवला असणार. प्रत्येकाच्या मताखाली कुणीतरी बारीक अक्षरांत नोंद करत गेलं: या सदस्याची इतर विषयांवर संपादनं नाहीत. हे मतदान नव्हे. या पानांचं नावच पूर्वी ‘वगळण्यासाठी मतं’ असं होतं. २००५ मध्ये ते बदललं, पण गैरसमज गेला नाही. शेवटी निर्णय लिहिणारा प्रचालक हात मोजत नाही, कुणी धोरणाला धरून काय मांडलं ते तोलतो. वीस जण ‘थोर होत्या’ म्हणाले आणि एकाने एक स्रोत दाखवला, तर एकाचं पारडं जड. कुटुंबाला हे समजावणं मला नीट जमलं असं म्हणवत नाही, पण गर्दी थांबली.

मग नेहमीची मंडळी आली. एक म्हणाला, यांच्याहून सामान्य कितीतरी शास्त्रज्ञांवर लेख आहेत. असतील, ते राहिलेत याचा अर्थ ते राहावेत असा होत नाही. दुसऱ्याने शोधयंत्रात किती निकाल येतात ते सांगितलं. तोही पुरावा नाही. खरी खडाजंगी झाली ती नवऱ्याच्या मुद्द्यावर. मोठेपण नात्याने वारशात मिळत नाही, हे तत्त्व सगळ्यांना मान्य. नवरा प्रसिद्ध म्हणून बायकोवर लेख नको. पण ते उलट बाजूनेही लागू करायला हवं, असं मी मांडलं: नवरा प्रसिद्ध म्हणून बायकोचं काम त्याच्या पानात कोंबायलाही नको. प्रबंध एकटीचा आहे, परीक्षण त्याच प्रबंधाचं आहे. पुनर्निर्देशन केलं तर तिचं नाव शोधणारा वाचक नवऱ्याच्या पानावर येणार आणि तिथे त्याला एक ओळ दिसणार: पत्नीही वनस्पतिशास्त्रज्ञ होती. त्याहून जास्त तिथे लिहिलं तर त्याचा लेख बेढब होतो. विलीन करणं हा मला एरवी सर्वांत शहाणा पर्याय वाटतो. एकेका पोकेमॉनवर वेगळा लेख असण्याचे दिवस होते. २००७ मध्ये त्यांतले बहुतेक याद्यांमध्ये विलीन झाले आणि त्याने कुणाचं वाईट झालं नाही. पण विलीन करायला घर तर योग्य हवं.

सात दिवसांनी मतं जवळपास समसमान. प्रचालकाने चर्चा आणखी आठवडाभर खुली ठेवली. एकमत झालंच नाही तर लेख राहतो, पण असा अर्धवट राहिलेला लेख पुन्हा कधीही चर्चेला येऊ शकतो. दुसऱ्या आठवड्यात एका जर्मन सदस्याने ते पुस्तक त्याच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून काढलं आणि त्या पानांचा सारांश चर्चेत लिहिला. मजकूर भरीव होता. लेखक त्या कुटुंबाशी, त्या संस्थेशी कुठल्याही नात्याने बांधलेला नव्हता, आणि त्याचा भक्कम पुरावा त्या मजकुरातच होता: बाईंनी एका वनस्पतिगटाची जी नवी मांडणी केली ती पुढच्या पिढीने बहुतांशी टाकून दिली, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. संग्रहातल्या नोंदी मात्र अजून वापरात आहेत, असंही. नामनिर्देशन करणाऱ्या सदस्याने स्वतःच्या मजकुरावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, ठेवा. चर्चा त्या निर्णयाने बंद झाली.

दोनच दिवसांत मुलीचा संदेश आला. आभार मानून तिने विचारलं होतं, ‘ताई, ते टाकून दिल्याचं वाक्य काढता येईल का?’ नाही काढता येत. ज्या पानांमुळे लेख वाचला, त्याच पानांतलं ते वाक्य. कौतुक तेवढं घ्यायचं आणि टीका सोडायची, असं करता येत नाही. लेख एकदा झाला की तो कुटुंबाचा राहत नाही. तिला मी एवढंच सांगितलं की परीक्षणात जी प्रशंसा आहे तीही तितक्याच ठळकपणे लिहिलेली आहे, बघ. बराच काळ ती तिकडे फिरकली नाही. मग एकदा चर्चापानावर तिने जन्मवर्ष चुकल्याचं दाखवून दिलं, दाखल्यासकट.

त्या चर्चेत डोना स्ट्रिकलंड यांचं नाव निघालंच. असं कुठलंही प्रकरण आलं की ते निघतं. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मारी क्युरी आणि मारिया गोपर्ट-मायर यांच्यानंतर हे नोबेल मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या महिला. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्यावरचा मसुदा, संदर्भांवरून पात्रता दिसत नाही, असं सांगून परत पाठवला गेला होता. जगभर टीका झाली. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथरिन मार यांनी लिहिलं की विकिपीडिया जगातल्या भेदभावाचं प्रतिबिंब आहे. आधी वर्तमानपत्रांनी, नियतकालिकांनी या बाईंबद्दल लिहिलंच नव्हतं. ते खरं आहे, पण मला ते पूर्ण उत्तर वाटत नाही. स्ट्रिकलंड २०१३ साली ऑप्टिकल सोसायटी या प्रकाशविज्ञानाच्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. संशोधकांच्या निकषात मोठ्या शास्त्रीय संस्थेचं अध्यक्षपद स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे आमच्याच नियमांनी त्या नोबेलआधीच पात्र होत्या. नियम तोकडा नव्हता, नियम वाचायला वेळ कमी पडला. हजारो मसुद्यांची रांग आणि तपासणारे मूठभर, तिथे हात आधी सर्वसाधारण निकषाकडे जातो आणि विशेष निकषाचं पान उघडायचं राहतं. ही कारणमीमांसा आहे, समर्थन नव्हे.

दुसऱ्या टोकाला खेळाडू. व्यावसायिक फुटबॉलच्या वरच्या पातळीवर एक सामना खेळला की लेखाचा हक्क जवळजवळ गृहीत, असे निकष कित्येक वर्षं होते. एका माणसाने आकडेवारीच्या कोशातून उचलून ‘अमुक हा तमुक देशाचा खेळाडू होता’ असे एकेका ओळीचे लेख ढिगाने केले, तरी ते नियमात बसत. २०२२ मध्ये मोठी चर्चा होऊन नुसत्या सहभागावर आधारलेले ते निकष काढले गेले. आता निदान एक तरी भरीव स्रोत दाखवावा लागतो. पण मधल्या काळात काय चित्र होतं बघा: एकदाच मैदानात उतरलेल्या पुरुषाला पान, आणि आयुष्यभर संग्रहालयात राबलेल्या बाईसाठी दोन आठवड्यांचा खटला. २०१४ च्या सुमारास इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांपैकी जेमतेम १५ टक्के चरित्रं स्त्रियांची होती. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘विमेन इन रेड’ या प्रकल्पाने आणि त्याच्यासारख्या इतरांनी चिकाटीने लिहून हे प्रमाण आता २० टक्क्यांच्या आसपास आणलंय.

यापेक्षा सरळ आकडेच ठरवून टाका, असं काही जण सुचवतात. जर्मन विकिपीडियाने बऱ्याच बाबतींत तसं केलंय. कंपनीसाठी हजार पूर्णवेळ कर्मचारी किंवा दहा कोटी युरोंची वार्षिक उलाढाल, असे निकष तिथे आहेत. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम आपण करतो, त्यामुळे इंग्रजीत नाकारलेला विषय मराठीत किंवा जर्मनमध्ये असू शकतो, आणि उलटही. आकड्यांनी भांडण मिटतं हे खरं. पण हजार कर्मचारी असलेल्या कंपनीबद्दल तिच्या पत्रकाबाहेर कुणीच काही लिहिलेलं नसेल, तर लेखात त्या पत्रकाशिवाय येणार तरी काय? मी आपली स्रोतांच्या बाजूची.

स्रोतांच्या बाजूची असूनही एका ठिकाणी मला उत्तर सुचत नाही. ज्यांचं ज्ञान छापलंच गेलं नाही त्यांचं काय? २०११ मध्ये अचल प्रभला यांनी भारत आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला. खेळ, रूढी, पाककृती अशा गोष्टी जाणत्या माणसांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करायच्या आणि लेखांत ते ध्वनिमुद्रणच संदर्भ म्हणून द्यायचं. कल्पना सुंदर होती, इंग्रजी विकिपीडियावर ती रुजली नाही. आक्षेप खोटे नव्हते: सांगणाऱ्याची निवड कुणी केली, पडताळणी कुणी करायची? पण आक्षेप मान्य केले तरी पोकळी तशीच राहते. मी लोकांना सांगते, आधी बाहेर लिहा. नियतकालिकात लेख द्या, संशोधकाला गाठा, संग्रहालयाला नोंद करायला लावा, मग इथे या. सांगताना मला ठाऊक असतं की हा सल्ला ज्यांच्याकडे नियतकालिकं आणि संशोधक आहेत त्यांच्याच सोयीचा आहे.

सध्या माझ्यासमोर लोकवाद्यं घडवणाऱ्या एका कारागिरावरचा मसुदा आहे. तीन स्रोत विचारले, तीनच आले, त्यामुळे मन आधीच अनुकूल. एक त्यांची मुलाखत. तीत सगळं त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं, ती धरता येत नाही. दुसरा पीएच.डी.चा प्रबंध, त्यात त्यांच्या कामावर एक प्रकरण, तो चालेल. तिसरी एका संग्रहालयाची प्रदर्शन-पुस्तिका, ती अजून कुणी पाहिलेली नाही. सहा महिने हात न लागलेला मसुदा काढून टाकला जातो, म्हणून मधूनमधून मी त्यात एखादा स्वल्पविराम दुरुस्त करून ठेवते. असं केलेलं चालतं. संग्रहालयाला पत्र गेलंय. पुस्तिका मिळाली आणि तीत दोन-चार परिच्छेद असले तर लेख स्वीकारीन. नाही मिळाली तर प्रबंधातली माहिती त्या वाद्यावरच्या लेखात एक परिच्छेद म्हणून घालीन आणि कारागिराच्या नावाचं पुनर्निर्देशन तिकडे करीन. पानाचा इतिहास तसाच राहतो, नवा स्रोत आला की तिथूनच पुढे लिहिता येतं.